सुट्टी, शाराव आणि पेसाह: मुलं घरात असताना सणाची तयारी कशी करावी

इस्राएलमध्ये शाळांना पेसाहची, म्हणजे वल्हांडण सणाची, सुट्टी सणाच्या आठवडाभर आधीच लागते आणि सण संपेपर्यंत चालते. घराचा कानाकोपरा झाडून हमेत्स, म्हणजे आंबवलेल्या धान्याचे पदार्थ, बाहेर काढायचे दिवस तेच, आणि मुलांनी बिस्किटाचा पुडा हातात घेऊन घरभर हिंडायचे दिवसही तेच. त्यात महिना निसानचा, म्हणजे मार्च-एप्रिलचा. आमच्या बीरशेबात, इस्राएलच्या दक्षिणेला, सोमवारी अंगात स्वेटर असतो आणि गुरुवारी वाळवंटावरून भाजून काढणारा वारा सुटतो, तोच शाराव.

काही वर्षांपूर्वी एका पेसाहला मी घरातल्या सगळ्या गाद्या, रजया आणि पडदे एकाच दिवशी बाल्कनीत काढले होते. सकाळ छान कोरडी होती. दुपारी तीनच्या सुमाराला वारा फिरला, आभाळ पिवळं पडलं आणि धुळीत कालवलेला पाऊस आला. धुतलेल्या पांढऱ्या पडद्यांवर तपकिरी ओघळ उतरले. सेदेरच्या, म्हणजे सणाच्या पहिल्या रात्रीच्या विधीच्या जेवणाच्या, दोन दिवस आधी मी ते सगळं पुन्हा धूत होते, स्वयंपाकघराला हातही लागला नव्हता, आणि सेदेरच्या रात्री दुसऱ्या प्याल्यानंतर माझे डोळे मिटले. मुलीने प्रश्न विचारला तेव्हा उत्तर द्यायला मी जागी नव्हते, हे मला अजून लागतं.

त्यानंतर मी कामाची पद्धत बदलली. ठाण्याहून, मुंबईहून इथे नव्याने आलेल्या किंवा आईच्या हाताखालून निघून पहिल्यांदाच स्वतःच्या घरात पेसाह करणाऱ्या मुलींसाठी ती इथे सविस्तर लिहिते आहे.

ज्यांच्या घरी हा सण नसतो त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पेसाह म्हणजे मराठी बायबलातला वल्हांडण, मिसरच्या गुलामीतून सुटकेचा सण. निसानच्या 15 तारखेपासून इस्राएलमध्ये सात दिवस आणि बाहेरच्या देशांत आठ दिवस. गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांपैकी कशालाही पाणी लागून 18 मिनिटं नुसतं पडू दिलं की ते हमेत्स झालं असं धरतात. असा पदार्थ या दिवसांत खायचा नाही आणि घरातही ठेवायचा नाही. पाव, पोळी, बिस्किट, शेवया, बिअर हे सगळं त्यात आलं. त्याऐवजी मात्सा, म्हणजे पीठ भिजवून 18 मिनिटांच्या आत भाजून काढलेली बिनखमिराची रोटी. आपल्या बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या, जुन्या बोलीत या सणाला ‘अनशी ढाकाचा सण’ म्हणत. आंबट रसाचं भांडं झाकून ठेवायचा सण. कोकणातल्या आपल्या बायकांच्या मनात आंबवणाचा निषेध किती आत उतरला होता, ते या एका नावात दिसतं.

आधी न हलणाऱ्या वेळा लिहा

कागद घ्या आणि फक्त त्या गोष्टी लिहा ज्यांची वेळ तुमच्या हातात नाही. 2026 चा सेदेर 1 एप्रिलच्या संध्याकाळी, 2027 चा 21 एप्रिलच्या. दोन्ही बुधवार. त्याच्या आदल्या रात्री, म्हणजे मंगळवारी अंधार पडल्यावर, हमेत्सचा शोध. बुधवारी सकाळी हमेत्स खाणं कधी थांबवायचं आणि कधीपर्यंत जाळून टाकायचं, या दोन वेळा. त्या सूर्यावर ठरतात आणि गावागणिक थोड्या बदलतात, तेव्हा आपल्या गावच्या वेळापत्रकातूनच उतरवून घ्या. मधे येणारे शब्बाथ, म्हणजे शनिवारचे विश्रांतीचे दिवस, कारण त्या दिवशी काहीच काम होणार नाही. घरात पहिला मुलगा असेल तर सणाच्या आदल्या दिवशीचा ज्येष्ठपुत्रांचा उपास. त्या सकाळी सिनेगॉगमध्ये धार्मिक ग्रंथाच्या एखाद्या भागाची समाप्ती होते, तिथे हजर राहिलं की उपास सुटतो. आणि रब्बींकडे हमेत्स विक्रीच्या कागदावर सही करण्याची शेवटची तारीख.

संपलं. बाकी सगळं हलतं. गाद्या कधी, फ्रिज कधी, गाडी कधी, हे आभाळ ठरवील.

1 एप्रिल आणि 21 एप्रिल यांतला फरक मात्र आधीच डोक्यात ठेवा. आपलं पंचांग चंद्राचं, म्हणून सण पुढेमागे सरकतो. तो वसंतातच पडावा म्हणून 19 वर्षांत सात वेळा अधिक महिना घालतात. 2027 चा पेसाह तीन आठवडे उशिरा येतो तो त्या महिन्यामुळेच. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नेगेवमध्ये, म्हणजे आमच्या इथल्या दक्षिणेच्या वाळवंटात, रात्री अजून गार असतात आणि मलकोश, म्हणजे मोसमातला शेवटचा पाऊस, येऊ शकतो. तिसऱ्या आठवड्यात उन्हाळ्याची तयारीच करावी लागते. प्राचीन काळी अधिक महिन्याचा निर्णय न्यायसभा घ्यायची आणि तालमूदमध्ये, म्हणजे आपल्या धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, त्याची कारणं दिली आहेत: पावसाने बिघडलेले रस्ते, पडलेले पूल आणि पेसाहच्या यज्ञासाठी मातीच्या भट्ट्या. भट्ट्या वाळल्या नाहीत तर यात्रेकरू कोकरू भाजणार कशात? हवामान बघून पेसाह करणं ही आपली जुनीच रीत आहे.

दिवसाची जात ओळखा

हवामान खात्याचा अंदाज मी पुढच्या तीन दिवसांपुरताच बघते. त्यापलीकडे या मोसमात सगळं बदलतं. तीन प्रकारचे दिवस येतात आणि प्रत्येकाची कामं वेगळी.

कोरडा, मऊ उन्हाचा दिवस सोन्यासारखा. तो आला की बाकी सगळं सोडा आणि पाण्याची, वाळवणाची कामं काढा. पडदे, चादरी, सोफ्याचे अभ्रे, खिडक्यांच्या जाळ्या, गाडीतल्या मुलांच्या खुर्च्या. पण एका दिवशी एकाच खोलीचं. पाऊस आलाच तर एका खोलीचं नुकसान होईल, घराचं नाही.

शारावचा दिवस ओळखायला सोपा. अरबी भाषेत त्यालाच खमसीन म्हणतात. पूर्वेकडून, दक्षिणेकडून कोरडा वारा, ओठ फुटतात, आभाळ दुधी दिसतं, पारा एका दिवसात दहा-पंधरा अंश चढतो. एक, दोन, कधी तीन दिवस राहतो आणि मग समुद्राकडून वारा आला की तासाभरात सगळं थंड. शाराव उतरतानाच धूळ आणि चिखलाचा पाऊस यायचा धोका सगळ्यात जास्त, म्हणून ‘आज कडक ऊन आहे, कपडे पटकन वाळतील’ या मोहात पडू नका. शारावला खिडक्या सकाळी सातलाच बंद करा आणि आतली बैठी कामं करा: कपड्यांची कपाटं, कोटांचे खिसे, पुस्तकांची फळी, मसाल्याचे डबे, तांदूळ निवडणं. ओव्हन, उकळतं पाणी, मोठा स्वयंपाक यांतलं काही नको. मुलांना उन्हात पाठवू नका, दर तासाला पाणी द्या.

पावसाचा दिवस फ्रिज आणि फ्रीझरचा. बाहेर गार असतं, त्यामुळे फ्रीझरमधलं सामान तासभर बाहेर राहिलं तरी बिघडत नाही. भांडी उकळून काशेर, म्हणजे सणाला चालतील अशी शुद्ध, करण्याचं कामही याच दिवशी बरं, कारण उकळत्या पाण्याच्या वाफेने घर ऊबदार होतं.

आणखी एक गोष्ट, जी मला रब्बींच्या बायकोने सांगितली आणि जी मी दर वर्षी स्वतःला पुन्हा सांगते: धूळ म्हणजे हमेत्स नव्हे. पंख्याची पाती पुसणं हे पेसाहचं काम नाही. माळ्यावरच्या पेट्या, जिथे कोणी कधी काही खाल्लं नाही, त्या उघडायची गरज नाही. नेगेवमध्ये तुम्ही धुळीशी लढायला लागलात तर सेदेरपर्यंत हातपाय गळतील. अन्न जिथे जातं तिथेच शोधा.

मुलांचं काम, मुलांचं खाणं

सुट्टीच्या पहिल्या दिवशी, दुसऱ्या नव्हे, शाळेची दप्तरं. दप्तराच्या तळाशी सँडविचचा अर्धा तुकडा आणि बिसलीचा चुरा सापडणार हे ठरलेलं. बिसली हा इथला खारा खाऊ गव्हाचा, म्हणजे उघड हमेत्स. दप्तर उलटं करून झटकायचं, कप्पे ओल्या फडक्याने पुसायचे आणि ते दप्तर सण संपेपर्यंत कपाटात बंद. हे मुलांनी स्वतः करावं.

मग खाण्याची जागा आवळत न्या. सुट्टी लागली की बेडरूममध्ये खाणं बंद. सणाच्या पाच दिवस आधी सोफ्यावर बंद. शेवटचे दोन दिवस पाव आणि बिस्किट फक्त बाल्कनीतल्या लहान टेबलावर, खाली प्लास्टिक अंथरून. बाल्कनी ओली असेल किंवा शाराव असेल तर तेच टेबल दाराच्या आत, पण जागा एकच. एकदा झाडलेल्या खोलीच्या दाराला माझी मुलं निळा दोरा बांधतात. दोरा असलेल्या खोलीत हातात खाऊ घेऊन जायचं नाही, हे तीन वर्षांच्या मुलालाही कळतं.

खेळण्यांसाठी वेगळा वेळ काढू नका. प्लास्टिकचे ठोकळे जाळीच्या पिशवीत घालून आंघोळीच्या टबात सोडा, मुलंही त्यात बसू देत. दोन्ही कामं होतात.

दुपारचं काय? रोजच्या कामाला मी दुपारी एकला पूर्णविराम देते. त्यानंतर मुलांना बाहेर न्यायचं, पाऊस असेल तर वाचनालयात. सुट्टी त्यांचीही आहे. आपल्या घरात पेसाह म्हणजे आईचा वैताग अशी आठवण मुलांच्या मनात राहू नये असं मला फार वाटतं, कारण सेदेरची सगळी मांडणीच मुलांनी विचारावं आणि आपण सांगावं यासाठी आहे.

मसाल्याचा डबा

इथल्या यादीत जे सापडणार नाही ते हे. इस्राएलमध्ये मिळणाऱ्या याद्या आपल्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेल्या नसतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

सगळ्यात आधी हिंग. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग शुद्ध नसतो. झाडाचा चीक कडक असतो म्हणून त्यात पीठ मिसळून पूड करतात आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. डबीच्या मागचा बारीक मजकूर वाचा. मी लग्नानंतर कित्येक दिवस हिंगाची पिवळी डबी न बघता मिसळणाच्या डब्यात ठेवत होते. आता ती फोडणीच्या चमच्यासकट हमेत्सच्या कपाटात जाते, आणि सात दिवस फोडणी जिरं आणि लसणीवर.

मेथी, धणे, जिरं यांच्यात शेतातूनच गव्हाचे, जवाचे दाणे मिसळून येतात. मेथीत तर हमखास. मेथी मी या दिवसांत वापरतच नाही. धणे, जिरं अख्खे आणून, पांढऱ्या ताटात पसरून, दाणा दाणा बघून घरी कुटते. तयार गरम मसाला, सांबार मसाला, चाट मसाला यांत पीठ आहे की नाही हे आपल्याला कळायला मार्ग नसतो, तेव्हा पाकिटावर पेसाहला चालतो असा शिक्का नसेल तर बंद. सोया सॉसमध्ये गहू, काही व्हिनेगरात जव. म्हणून आंबटपणासाठी लिंबू.

रवा, मैदा, कणीक, शेवया, ओट हे उघडच गेले. नव्याच्या सणाला, म्हणजे आपल्या नव्या वर्षाला (रोश हशाना), केलेल्या चिकाच्या हलव्याच्या वड्या कोणी फ्रीझरमध्ये मागे सारून ठेवल्या असतील तर त्याही, कारण चीक गव्हाचा. पोहे, साबुदाणा, तांदळाचं पीठ हे धान्य म्हणून चालणारे असले तरी गिरणी कोणती, आधी त्यात काय दळलं, हा प्रश्न असतो. शिक्का बघा, शंका आली तर आपल्या रब्बींना विचारा. औषधांचंही तसंच: रोजची गोळी परस्पर बंद करू नका, आधी डॉक्टर आणि रब्बी दोघांशी बोला.

पोळपाट, लाटणं, कणकेची परात आणि पोळीचा तवा. ही चार भांडी मी काशेर करायच्या भानगडीत पडत नाही. लाकडाच्या भेगांत पीठ बसतं, आणि कोरड्या विस्तवावर तापलेला तवा शुद्ध करायचा तर तो तसाच लालबुंद तापवावा लागतो. चारही जुन्या चादरीत गुंडाळून गाठ मारते. भाकरीसाठी एक वेगळा तवा आहे, तो वर्षातून सात दिवसच खाली उतरतो.

तांदूळ तीन वेळा

अश्केनाझी, म्हणजे युरोपातल्या यहुद्यांच्या रीतीचे लोक, पेसाहला तांदूळ, डाळी, मका खात नाहीत. आपण सफार्दी, म्हणजे स्पेन आणि पूर्वेकडच्या यहुद्यांची, रीत पाळतो, म्हणून तांदूळ चालतो, आणि कोकणातून आलेल्या माणसाचा हा फार मोठा आधार आहे. पण तांदळात गव्हाचा दाणा नसावा म्हणून तो तीन वेळा निवडायचा, आणि सण लागायच्या आत निवडून संपवायचा.

आम्ही हे शारावच्या दिवशी करतो. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर आणि वर दिवा. गोणीतून एका वेळी दोनच वाट्या तांदूळ घ्यायचा. जास्त घेतला की डोळे फसतात. तळहाताने पसरायचा, इतका की दाण्यावर दाणा राहू नये. मग बोटाच्या टोकाने एकेक ओळ आपल्याकडे ओढायची. तांदळाचा दाणा पांढरा, काचेसारखा. गव्हाचा तपकिरी, पोटावर चीर असलेला. एकदा समजला की लांबूनही ओळखू येतो. पहिल्या फेरीचा तांदूळ लाल पातेल्यात, दुसरीचा निळ्यात, तिसरीचा झाकणाच्या डब्यात, म्हणजे कुठली फेरी चालू आहे याचा घोळ होत नाही. दर फेरीला माणूस बदलायचा. थकलेल्या डोळ्यांनी केलेली फेरी मोजू नये. मुलं आसपास असली तरी निवडणाऱ्याशी बोलायचं नाही.

गेल्या वेळी तिसऱ्या फेरीत माझ्या धाकटीला एक गहू सापडला. दोन मोठ्या माणसांच्या नजरेतून तो सुटला होता. तिने तो तळहातावर घेऊन घरातल्या प्रत्येकाला दाखवला आणि मग कागदात बांधून जाळायच्या पिशवीत टाकला.

आम्हां पाच माणसांना तीन किलो तांदूळ आणि अडीच किलो मात्सा सात दिवस पुरतो. भाकरीसाठी किलोभर तांदळाचं पीठ, पेसाहच्या शिक्क्याचं.

स्वयंपाकघर

शेवटचे तीन दिवस, त्याआधी नको. आधी केलंत तर मुलांना खायला कुठे घालणार?

धातूची भांडी उकळत्या पाण्याने काशेर होतात. पद्धत अशी: भांडं घासून लख्ख करा, मुठीचे स्क्रू काढून त्याखालचा मळ काढा, मग 24 तास ते वापरू नका. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळलं पाहिजे, नुसतं वाफाळलेलं चालत नाही. भांडं पूर्ण बुडवा, एका वेळी एकच, म्हणजे पाण्याची उकळी मोडत नाही. बाहेर काढून लगेच गार पाण्याखाली. घरी जमत नसेल तर सणाआधी बऱ्याच गावांत चौकात मोठ्या कढया मांडून लोकांची भांडी उकळून देतात. मातीची भांडी काशेर होत नाहीत, ती बांधून ठेवा. काचेला आपल्या रीतीने नीट धुणं पुरतं. ओव्हन, मिक्सर, डिशवॉशर यांचे नियम मॉडेलप्रमाणे आणि रब्बींच्या मताप्रमाणे बदलतात, ते लिहून नाही, विचारून करायचं.

माझी आजी ठाण्याला असताना पेसाहच्या आधी घराला सफेदी व्हायची आणि गल्लीत कल्हईवाला बसायचा. तांब्याची पातेली निखाऱ्यावर तापवून, नवसागर टाकून तो कापडाने कथील फिरवायचा आणि काळं पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. त्यातलं एक पातेलं माझ्याकडे आहे. खजुराचा पाक मी त्यातच करते.

फ्रिज शेवटी. एक फळी आधी रिकामी करून पेसाहसाठी ठेवा आणि रोज एकेक फळी वाढवत न्या.

ज्याला हमेत्स म्हणावं असं उरलेलं सगळं, न उघडलेली पाकिटं धरून, एका कपाटात घाला, दाराला चिकटपट्टी लावा. रब्बी तुमच्या वतीने ते यहुदी नसलेल्या माणसाला सण संपेपर्यंत रीतसर विकतात. हा दिखावा नाही, खरी विक्री आहे, म्हणून त्या कपाटाला सणात हात लावायचा नाही. याच आठवड्यात गरजू घरांसाठी पैसेही द्या. याला ‘माओत हित्तीम’ म्हणतात, गव्हाचे पैसे. आपली खरेदी करायच्या आधी ते द्यावेत, असं माझे वडील करायचे.

शोध आणि होळी

आदल्या रात्री दिवे मालवून मेणबत्तीच्या उजेडात घर बघायचं. पावाचे दहा छोटे तुकडे कागदात गुंडाळून मुलांना लपवायला द्या, पण कुठे लपवले ते एकाने लिहून ठेवलंच पाहिजे. आमच्याकडे एकदा नववा तुकडा मध्यरात्रीपर्यंत सापडत नव्हता. शाराव असेल आणि वारा जोरात असेल तर पडद्यांजवळ मेणबत्ती नेऊ नका, विजेरी चालते. शोध संपल्यावर ‘माझ्या नजरेतून सुटलेला हमेत्स धुळीसारखा निरर्थक ठरो’ या अर्थाचे शब्द म्हणायचे. ते ज्या भाषेत कळतात त्या भाषेत म्हणावेत. माझे सासरे आधी अरामीत आणि मग मराठीत म्हणतात.

सकाळी जाळणं नगरपालिकेने नेमलेल्या जागीच. कोरड्या वाऱ्यात ठिणगी लांब जाते आणि या दिवसांत गवत वाळलेलं असतं. वारा फार असेल तर हमेत्सचा बारीक चुरा करून संडासात सोडून देणं हाही मान्य मार्ग आहे. पाऊस असेल तर आदल्या रात्रीच दोन कोरडी लाकडं घरात आणून ठेवा.

सेदेरची रात्र

इस्राएलमध्ये मार्चच्या शेवटी घड्याळं तासभर पुढे जातात. 21 एप्रिलला सूर्य सव्वासातच्या सुमाराला मावळतो आणि सेदेर अंधार पडल्यावरच सुरू होतो, म्हणजे पावणेआठ उजाडतात. जेवण येईपर्यंत दहा. म्हणून दुपारी दोन ते चार घरातल्या सगळ्यांनी, आईनेसुद्धा, झोपायचं. मुलांना साडेसहाला बटाटे, अंडी, फळं द्या. मात्सा मात्र त्या दिवशी सेदेरच्या आधी खायचा नाही.

ताट सकाळीच लावून झाका: भाजलेलं हाड, भाजलेलं अंडं, कडू भाजी, हिरवी भाजी, खजुराचा पाक आणि शेजारी तीन मात्सा. कडू भाजी म्हणून लांब पानांचं लेट्यूस घेतलं तर पान न् पान पाण्यात भिजवून उजेडात धरून बघा, किडे हिरवेच असतात. प्याला किमान 86 मिलिलिटरचा, असे चार. मुलांना द्राक्षाचा रस. गरमी असेल तर मोठ्यांनीही दोन प्याले रसाचे घ्यावेत.

जेवण साधं ठेवा. नारळाच्या दुधातलं मटण, भात, काकडी-टोमॅटो. मटणाबरोबर दूध-दही चालत नाही, पण नारळाचं दूध चालतं, ही आपल्या कोकणची देणगी. करी आदल्या दिवशी केली तर मुरते आणि सेदेरच्या दिवशी घर तापत नाही.

हग्गादा, म्हणजे सेदेरला वाचायचं सुटकेच्या कथेचं पुस्तक, कुठली वाचायची? पुण्यात 1874 साली छापलेल्या मराठी हग्गादेच्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका मात्सा करताना दिसतात. तिची प्रत मिळाली तर मुलांना ती पानं दाखवा. ‘ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का?’ हा प्रश्न आमच्याकडे धाकटी हिब्रूत विचारते, मग मोठा मराठीत. एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलीया संदेष्ट्याचा, प्याला भरताना सासरे अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या टाप्याची गोष्ट सांगतात, जिथे खडकावर हन्नाबीच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत असं आपले लोक मानतात. मग धाकटी दार उघडायला धावते.

दुसऱ्या दिवशी सिनेगॉगमध्ये कान देऊन ऐका. मुसाफच्या, म्हणजे सणाच्या जादा प्रार्थनेपासून, पावसाचे शब्द थांबतात आणि दवाचे सुरू होतात. हिवाळाभर ‘पाऊस पाडणारा’ म्हटलं, आता उन्हाळाभर ‘दव पाडणारा’.

मधल्या दिवसांची सहल

मधले दिवस फिरायचे. राखीव वनं आणि राष्ट्रीय उद्यानांत तुडुंब गर्दी असते, जिथे आधी नाव नोंदवावं लागतं तिथे आठवडाभर आधी नोंदवा. डब्यात मात्सा, उकडलेली अंडी, बटाट्याची भाजी, तांदळाची भाकरी. भाकरी ओल्या फडक्यात गुंडाळली नाही तर या हवेत तासाभरात कडक होते. माणशी तीन लिटर पाणी, टोपी, आणि शाराव असला तरी एकेक जाकीट, कारण परतताना तो उतरलेला असू शकतो.

दक्षिणेकडे जाणार असाल तर हे नक्की लक्षात ठेवा. आपल्या डोक्यावर निळं आभाळ असलं तरी वर डोंगरात पाऊस पडला की नेगेवमधल्या कोरड्या ओढ्यांना मिनिटांत लोंढा येतो. 26 एप्रिल 2018 ला नाहल त्साफित ओढ्यात असाच पूर आला आणि 10 तरुण मुलांचा जीव गेला. पुराचा इशारा असेल त्या दिवशी ओढ्यात, दरीत उतरायचं नाही. तिकिटाचे पैसे बुडाले तरी नाही.

जे ठाणे-मुंबईत आहेत त्यांच्यासाठी वेगळं थोडंच आहे: सण आठ दिवस, सेदेर दोन रात्री, सुट्टी नसते आणि मुलांच्या परीक्षा असतात, म्हणून झाडलोट दोन आठवडे आधीच्या रविवारांत वाटा. 2026 आणि 2027 मध्ये पहिले दोन दिवस गुरुवार-शुक्रवार आहेत आणि लगेच शब्बाथ, तेव्हा बुधवारी एरूव तवशीलीन, म्हणजे शब्बाथच्या स्वयंपाकाला आधीच सुरुवात करून ठेवण्याचा विधी, करायला विसरू नका, नाहीतर शुक्रवारी शब्बाथचा स्वयंपाक करता येणार नाही.

सण संपल्यावर

सातवा दिवस मावळला की लगेच कपाटाची चिकटपट्टी फाडू नका. रब्बींनी हमेत्स परत विकत घेतल्याची वेळ ठरलेली असते, साधारण तासभर थांबा. तोवर पेसाहची भांडी धुऊन, पुसून, खोक्यात भरून टाका. आमच्या मोरोक्कन शेजारणीकडे मिमुनाचं, म्हणजे पेसाह संपल्याच्या रात्रीच्या त्यांच्या सणाचं, दार उघडं असतं. मुलं तिच्याकडे गोड मुफलेता खाऊन येतात आणि मी शांतपणे खोकी बांधते.

खोक्यात सगळ्यात वर एक चिठ्ठी घालते. त्या वर्षी हवा कशी होती, काय उरलं, काय कमी पडलं. ती पुढच्या वर्षी पहिली हाताला लागते. शेवटच्या चिठ्ठीत माझ्या मुलीच्या अक्षरात लिहिलंय: ‘पडदे आधी धुवू नका. तिखट थोडंच उरलं, जास्त कुटा. तिसरी फेरी मी करणार.’